दोह्यात हाताची कला आणि जुन्या खुणा कुठे बघू?

साताऱ्याच्या बाई

मुलाकडे दोन महिन्यांसाठी दोह्याला आले आहे. ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निघताना जो तो म्हणत होता, तिथे मॉल आणि काचेच्या इमारतींशिवाय काय आहे? मला ते पटत नाही. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथे हाताचं काम असणारच. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, पण मेट्रोने मी एकटी जाऊ शकते. गुडघे दुखतात, त्यामुळे एका दिवशी एकच ठिकाण. सुरुवात कुठून करू?

कोल्हापूरकर, मुक्काम दोहा

नमस्कार बाई. मी २०११ पासून इथे एसी मेंटेनन्समध्ये आहे. पहिली काही वर्षं कॅम्प, साइट आणि घरी पैसे पाठवायची खिडकी, एवढंच दोहा मला माहीत होतं. २०१९ ला नॅशनल म्युझियम उघडलं आणि एका शुक्रवारी दुपारी रूममेटबरोबर गेलो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. गोल्ड लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे.

वाळवंटात पाकळ्यापाकळ्यांचे खडे तयार होतात, त्यांना डेझर्ट रोज म्हणतात. ज्याँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुकारांनी अख्खी इमारत त्या आकारात बांधलीय, मोठाल्या तबकड्या एकमेकींत घुसल्यासारखी. आतल्या फरशीलाही उतार आहेत, तेव्हा गुडघे जपून, सावकाश चाला.

मोत्यांच्या दालनात मात्र थांबाच. तिथे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. होय, आपल्या गायकवाडांचा! खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी तो करवून घेतला. तो तिकडे कधी पोचलाच नाही, कित्येक वर्षं बडोद्यातच राहिला. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर १५ लाखांच्या आसपास मोती, मधे हिऱ्यांची तीन चक्रं, भोवती माणिक, पाचू, नीलम. लांबून नुसता दुधी रंग दिसतो. जवळ गेलात की एकेक मोती वेगळा होतो, बाजरीच्या दाण्याएवढा. कुठलेच दोन अगदी सारखे नाहीत. मी पाऊण तास तिथून हललो नाही.

माझ्या आजीची नथ बसऱ्याच्या मोत्यांची. सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळून ती ट्रंकेच्या तळाशी असायची. बसरा हे बाजाराचं नाव, मोती या आखाताच्या पाण्यातले, हे मला त्या दालनात कळलं. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि वर दोरी धरून बसलेला जोडीदार, असे ऐन उन्हाळ्यातले चार महिने माणसं बुडी मारायची. कितीतरी जण नाखव्याच्या कर्जात अडकलेले. व्यापारी पितळी चाळण्यांतून मोती आकाराप्रमाणे निवडून लाल फडक्यात बांधायचा आणि मुंबईला पाठवायचा. १९३० च्या दशकात जपानी कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यांत मुद्दाम वाढवलेल्या, मोत्यांनी हा धंदा बसवला. घर सोडून, कर्ज काढून इथे आलेल्या माणसाला त्या चिमट्यापुढे उभं राहून काय वाटतं ते लिहिता येत नाही. नथ आता माझ्या बायकोकडे आहे. त्या रात्री फोन करून तिला ती ट्रंकेतून बाहेर काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी म्युझियम ऑफ इस्लामिक आर्ट. इमारत वास्तुकार आय. एम. पेई यांची, २००८ ची. तुम्ही चित्रकलेच्या बाई, तिथलं अक्षरलेखन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. पांढऱ्या जेडचा शाहजहानचा ताईत शोधा, बोटाएवढी अक्षरं नाहीत, तांदळाएवढी आहेत. १६३१ च्या सुमाराचा, म्हणजे बुऱ्हाणपूरला मुमताज गेली तेव्हाचा. त्याला हौलदिली म्हणतात, म्हणजे धास्तावलेल्या जिवाला धीर देणारा. पाटीवर ते नाव वाचलं आणि आपला ‘हवालदिल’ आठवला.

राजापूरचा

बाई, गाडीची सोय झाली तर उत्तरेला अल जस्सासियाला जा. किनाऱ्याजवळच्या खडकांवर सुमारे ९०० कोरीव आकृत्या आहेत. वरून पाहिल्यासारख्या होड्या, दोन्ही बाजूंनी वल्ही, आणि ओळीने खोदलेल्या वाट्या. आमच्या सड्यावरची कातळशिल्पं बघत मी लहानाचा मोठा झालो. दगड वेगळा, चित्रं वेगळी, पण बघायची रीत तीच: ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. दुपारी रेषा दिसतच नाहीत. आणि खडकावर पाय ठेवू नका, कोणी ठेवला तर हटका.

पैठणी

एज्युकेशन सिटीत चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं म्युझियम २०२५ ला उघडलंय, ‘लौह व कलम’ (पाटी आणि लेखणी) नावाचं. त्यांनीच केलेल्या रेखाटनावरून इमारत उभी केली आहे. पंढरपूरला जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवलेला माणूस शेवटी कतारचा नागरिक झाला. पटो न पटो, चित्रं बघायलाच हवीत.

साताऱ्याच्या बाई

परवा गालिचा पाहून आले. वही नेली होती. एका चक्राचं रेखाटन करायला दीड तास लागला, तरी कडेची वेल राहिलीच, पुन्हा जाणार. कोल्हापूरकर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तो खरंच लांबूनच पाहिला असता. नथेचा एक फोटो मिळेल का? मोती कसे गुंफलेत ते काढायचंय. शुक्रवारी पहाटे मुलगा जस्सासियाला नेतोय, गाडीत एक जागा आहे. सुट्टी असेल तर या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेते.