थीम पार्कच्या गेटवर दीड तास: पेसमेकर, गुडघे आणि कळण्याची भाकरी

अमळनेरकरीण

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याकडच्या एका मोठ्या थीम पार्कला परत जायचं चाललंय. पोरांनी डोकं खाल्लंय नुसतं. मागच्या वेळी असं झालं होतं की ह्यांनी गेटवरच जाहीर केलं, पुन्हा इकडचं नाव काढायचं नाही. पार्कचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून सकाळी पोहोचलो तर रांग पार पार्किंगपर्यंत. तिकिटं ऑनलाइन काढलेली होती, वाटलं मोबाइल दाखवला की आत. पण तिकिटाच्या आधी तपासणी, आणि त्या तपासणीतच दीड तास गेला. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. धातू ओळखणाऱ्या कमानीतून त्या गेल्या की कमान ओरडायची, की यांना पुन्हा मागे पाठवायचे. शेवटी लेडीज गार्डने बाजूला घेऊन हातातल्या दांडीने तपासलं. मामांच्या बंडीच्या खिशातून अडकित्ता निघाला, तो जमा. माझ्या पिशवीत कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि बाळाच्या खिचडीचा डबा. खिचडी सोडली, भाकरी नाही. "मग ठेवू कुठे?" तर म्हणे, तिथे डब्यात टाका. कचऱ्याच्या डब्यात! मी सरळ बाजूच्या कट्ट्यावर बसले आणि सगळ्यांना तिथेच जेवायला वाढलं. रांगेतल्या नाशिकच्या एका कुटुंबानेही ठेच्यासोबत दोन-दोन घास खाल्ले.

आता यंदा सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय. ती कमान त्यांना चालते का? सासूबाईंचं काय करायचं? आणि एवढा वेळ जातो तो नेमका कशात? आत गेल्यावर प्रत्येक राइडला वेगळी रांग असतेच. गेटवरचा वेळ वाचायला काही करता येतं का, ते कुणी सांगेल?

---

ठिबकवाला (पारोळा)

राम राम ताई. मी अशाच एका पार्कच्या गेटवर काही वर्षं नोकरी केली, आधी गार्ड, मग शिफ्ट सुपरवायझर. आता गावाकडे ठिबकच्या नळ्या विकतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

आधी सासऱ्यांचं. पेसमेकरवाल्याने कमानीतून नेहमीच्या चालीने जायला डॉक्टर सहसा मनाई करत नाहीत. कमानीत थांबायचं नाही, खांबाला टेकायचं नाही. हातातली दांडी, म्हणजे एचएचएमडी, छातीवर धरून ठेवू द्यायची नाही. पेसमेकरचं कार्ड दवाखान्यातून मिळालेलं असतं, ते वरच्या खिशात ठेवा, आधीच दाखवा आणि "हाताने तपासा" म्हणा. तरी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. आणि ताई, कमानीपेक्षा राइडची काळजी जास्त करा. मोठ्या राइडच्या तोंडाशी बोर्ड असतो, हृदयविकार असलेल्यांनी बसू नये म्हणून. तो बोर्ड कुणी वाचत नाही, आणि नातवाने हट्ट धरला की आजोबा चढतात.

सासूबाईंचं असं. त्या कमानीला आम्ही डीएफएमडी म्हणतो. दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात, त्यातून विजेचे ठोके सुटतात आणि मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूत प्रवाह फिरतो आणि मशीनला ते कळतं. लोखंडच पाहिजे असं नाही. सोनं, चांदी, चुन्याची अ‍ॅल्युमिनियमची डबी, सांध्यात बसवलेलं कोबाल्ट-क्रोम किंवा टायटॅनियम, सगळ्याला ती ओरडू शकते. खांबावर उभ्या ओळीत दिवे असतात, धातू ज्या उंचीवर असेल तिथला लाल होतो. दोन्ही पायांना गुडघ्याशीच लाल लागला आणि समोर साठीची बाई हळू चालत येतेय, तर जाणत्या गार्डला सांगावं लागत नाही. तुम्हाला नवीन पोरगी भेटलेली दिसते. कमान वाजली की मागे पाठवायचं, एवढंच तिला शिकवलेलं. त्या गुडघ्याला कमान दर वेळी वाजणारच, मागे पाठवून उपयोग शून्य. यंदा कमानीत पाय टाकायच्या आधीच "गुडघे बदललेत, दांडीने तपासा" असं मोठ्याने सांगा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असला तर बरं, पण तपासणी काही चुकत नाही त्याने.

आता वेळ कुठे जातो. रिकाम्या खिशाचा माणूस कमानीतून पाच-सात सेकंदांत जातो. खिसे उलटे करणं, पट्टा काढणं, थोडं फ्रिस्किंग, म्हणजे अंगावरून हात फिरवून झडती, धरून दहा सेकंद लावू, म्हणजे एका कमानीतून तासाला ३६० माणसं. तेच वीस सेकंद झाले की १८०. गेट दहाला उघडणार आणि साडेनऊपासून तासाभरात पंधरा ट्रॅव्हल्स येऊन लागल्या, एकेकीत चाळीस जण धरले तरी सहाशे माणसं. त्यात कार, जीप वेगळ्या. दहाचे वीस सेकंद कशाने होतात, तिथेच सगळी गोम आहे.

खरं सांगू? फराळाने होतात.

बॅगेज स्कॅनरच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय वस्तू नारिंगी. भाकरी नारिंगी, पुरणपोळ्यांची चवड म्हणजे तर जाड नारिंगी ठोकळा. बहुतेक स्फोटकंही याच रंगात दिसतात. म्हणजे पडद्यापुढे बसलेल्याला ती पिशवी उघडायला लावणं भागच. त्यात आपल्या लोकांना स्टीलचे डबे लागतात, एकावर एक चार. जाड स्टीलच्या आत काय आहे ते धड दिसत नाही, नुसता गडद निळा गोल. मग डबा उघडा. डबा उघडला की लाडू. लाडू दिसले की गार्ड म्हणणार, "हे आत नाही जाणार." इथपर्यंत वीस सेकंदसुद्धा झालेले नसतात. पण इथून पुढे भांडण. आजी म्हणणार, शुगर आहे मला. काका म्हणणार, तुमच्या साहेबाला बोलाव. पोरगं रडणार. मागचे ओरडणार. साहेब येईपर्यंत स्कॅनरचा पट्टा बंद.

आमच्या टेबलाखाली जमा वस्तूंचे क्रेट असायचे. संध्याकाळी ते ओतले की अडकित्ते, चुन्याच्या डब्या, लायटर, एखाददुसरा फळं कापायचा चाकू एवढं एका कोपऱ्यात मावायचं. बाकी सगळा खाऊ. एकदा तर एका कुटुंबाने दुधाच्या कॅनमधून शेवभाजीचा रस्सा आणला होता, झाकणाला वरून फडकं बांधलेलं. आमचा बिहारचा सहकारी झाकण उघडून नुसता वास घेत उभा राहिला. आणि एक बारीकशी गोष्ट सांगतो. हत्यारं किती सापडली हे मला वरून क्वचितच कुणी विचारलं. खाऊ किती अडवला, हे विचारायला फूड कोर्टाचा माणूस मात्र यायचा. सुरक्षा आणि धंदा, दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच बारा तास उभ्या राहिलेल्या पोराकडून करून घेतात, म्हणून रांग तुंबते. मशीन बिचारं वेगात असतं.

तुम्ही काय करायचं? भाकरी आणा, जरूर आणा, पण पार्किंगमध्ये गाडीतच खा आणि डबे गाडीतच ठेवा. अडकित्ताही गाडीत. मामांना सुपारी आधीच कातरून द्या. गुटख्याची पुडी असेल तर तीही काढून घ्या, राज्यात २०१२ पासून बंदी आहे त्याला. बाळाची खिचडी आणि सासऱ्यांच्या गोळ्या एका पारदर्शक पिशवीत, सगळ्यात वर, हातातच. अर्ध्याहून जास्त लोकांकडे पिशवीच नसेल असं बघा. बऱ्याच ठिकाणी बिनपिशवीची रांग वेगळी असते, बोर्ड लहान असतो म्हणून कळत नाही.

अजून एक. बायकांची रांग नेहमी हळू सरकते, कारण लेडीज गार्ड कमी ठेवतात आणि बांगड्या, पर्स, मंगळसूत्र सगळं तिकडेच. पुरुष मोकळ्या हाताने आधी आत जाऊन बायकांची वाट बघत उभे. पिशव्या त्यांच्या गळ्यात अडकवा, घराघराचा अर्धा वेळ वाचतो.

गेट उघडायच्या पाऊण तास आधी पोहोचा, नाहीतर सरळ साडेअकराला. मधल्या वेळेत येऊ नका.

---

तापीकाठचा

एवढा खटाटोप कशाला भो? दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत या. घोडे बघा, पाळण्यात बसा, भजी खा. ना कमान ना दांडी.

---

ठिबकवाला (पारोळा)

यात्रेला चारी दिशांनी माणूस येतो, पार्कला एकच तोंड. आणि यात्रेत तपासणी नाही हे काही कौतुकाचं नाही दादा. पाळण्याचे नट-बोल्ट कुणी तपासले, तेही कुणी विचारत नाही तिथे.

---

धुळ्याचा_काळा_कोट

खाण्याबद्दल कायद्याचं थोडं. ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सिनेमागृहांबाबत निकाल दिला: बाहेरचं खाणं अडवायचा हक्क मालकाला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि बाळासाठी आणलेलं खाणं अडवता कामा नये. निकाल सिनेमागृहांचा आहे, पार्कचा नाही. तरी "जागा मालकाची, अटी मालकाच्या" हा त्यातला गाभा पार्कवालेही पुढे करतील असं माझं मत. तेव्हा भाकरीवरून गेटवर भांडण्यात अर्थ नाही. बाळाच्या खिचडीवरून मात्र ठाम राहा.

तिकिटावरच्या अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे घेऊन सेवा दिली नाही असं झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा, बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात. नुसत्या रांगेबद्दल भरपाई मिळेल असं मात्र मी सांगणार नाही.

आणि गार्ड खाजगी एजन्सीचा असतो, पोलीस नव्हे. तुम्ही तपासणीला नकार देऊ शकता, तो प्रवेश नाकारू शकतो. बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि आडोसा मागायला लाजू नका.

---

शिरपूर_ते_ऑर्लँडो

ठिबकवाल्या दादांचं म्हणणं इकडे अमेरिकेत उलट्या बाजूने पटतं. इकडच्या डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं नेता येतं. काचेची बरणी आणि दारू तेवढी चालत नाही. तपासणी मात्र कडक. बॅगा आधीपासून बघायचे, डिसेंबर २०१५ मध्ये डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिघांनीही मेटल डिटेक्टर आणले. सुरुवातीला गेटवर तोबा गर्दी व्हायची. मग २०१७ मध्ये डिस्नेने मॅजिक किंगडम या त्यांच्या पार्कची तपासणी गेटवरून उचलली आणि पार्किंगकडे, जिथून मोनोरेल आणि बोटी सुटतात तिथे नेली. माणसं तेवढीच, पण थोडी थोडी होऊन पुढे सरकतात. आता नव्या कमानींतून पिशवी खांद्यावर ठेवूनच चालत जातो, शंका आली तर तेवढ्यालाच बाजूला घेतात. छत्री आणि चष्म्याची केस मात्र अजून दगा देतात.

आईने पाठवलेल्या दशम्या मी आत बाकावर बसून खाल्ल्या आहेत. कुणी हूं की चूं केलं नाही.

---

गुरुजी_नंदुरबार

आम्ही शाळेची सहल नेतो. आधी फोन करून ग्रुप बुकिंगवाल्यांना मुलांची यादी आणि बसचा नंबर पाठवला की वेळ ठरवून बाजूच्या गेटने घेतात. एकदा मुलींच्या चांदीच्या साखळ्यांवर कमान सारखी वाजत होती, घरून घालून दिलेल्या, काढायच्या कशा? तिथल्या बाईंनी समजून घेतलं, एकेकीला शांतपणे दांडीने तपासलं. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या मात्र प्रत्येकाला उघडून एक घोट प्यायला लावला. तेव्हापासून प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्याच आणायला सांगतो.

---

अमळनेरकरीण

सगळ्यांचे खूप आभार. सासऱ्यांचं कार्ड शोधून ठेवलं, डॉक्टरांनाही विचारते. पिशव्या पुरुषांच्या गळ्यात, हे ह्यांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत. शेजारी वॉटर पार्कही आहे, दुसऱ्या दिवशी तिथे जायचं म्हणतोय. तिथेही असंच का?

---

ठिबकवाला (पारोळा)

तिथे सामानाची झडती लवकर उरकते, पण आत कपड्यांची रांग लागते. सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत. धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात आणि भिजलेलं सुती अंगाला जड होतं. नायलॉनचे कपडे घरूनच घेऊन जा, नाहीतर भाड्याच्या खिडकीवर मापाचा कपडा मिळेपर्यंत दुपार होते. लॉकरची किल्ली हाताच्या बँडला असते, ती मनगटावर घट्ट बांधा. लाटांच्या तळ्यात हरवली की संध्याकाळी लॉकर फोडायला परत रांग.