मदत हवी आहे: सभेत ‘ऐनवेळी’ मंजूर झालेल्या ठरावाची प्रत कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलनीतली खुली जागा नगरपरिषदेने एका संस्थेला भाड्याने द्यायचं ठरवलंय. आम्हाला हे कळलं ते टेप घेऊन माणसं जागा मोजायला आली तेव्हा. लेआउट मंजूर होताना सोडलेली ही जागा आहे. मुलं तिथे खेळतात, कडुनिंब आम्हीच लावून जगवलेत, आणि प्लॉट घेताना नकाशावरची हीच हिरवी चौकट बघून आम्ही हो म्हटलं होतं.

नगरपरिषदेत गेलो. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका बघायला मिळाली, तीत या जागेचा उल्लेखच नाही. विचारलं तर उत्तर आलं, “ऐनवेळच्या विषयांत घेतला, मंजूर झालाय.” ठरावाची प्रत मागितली, तर इतिवृत्त अजून लिहून व्हायचंय, पुढच्या सभेत कायम झालं की या. सूचक कोण, अनुमोदक कोण, कुणी विरोध नोंदवला का, काहीच कळत नाही. एक नगरसेवक म्हणतात एकमताने झालं, दुसरे म्हणतात आम्ही विरोध केला होता.

इतिवृत्त कायम होईपर्यंत ठरावाची अंमलबजावणी थांबते का? आणि तोवर प्रत मिळवायचा काही मार्ग आहे का? झाडं एकदा तोडली की मग कागद मिळून काय करायचं, ही खरी धास्ती आहे.

प्रतिसाद

नगरपालिकेच्या सभा शाखेत बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. इतिवृत्त कायम करणं म्हणजे नोंद बरोबर आहे एवढं मान्य करणं. ठरावावर तिथे नव्याने मत घेत नाहीत, तेव्हा त्या सभेच्या भरवशावर थांबू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. जोडपत्र ‘अ’, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘का दिली’ असं विचारू नका, कागद मागा: ऐनवेळच्या विषयांची यादी, ठराव, त्यामागची कार्यालयीन टिपणी, कराराचा मसुदा. मुदत 30 दिवसांची असते आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. म्हणून त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना लेखी हरकत द्या आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

दुसरी प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम 308 वाचा. ठराव बेकायदेशीर किंवा लोकांना त्रासदायक ठरणारा वाटला, तर ते त्याची अंमलबजावणी लेखी आदेशाने थांबवू शकतात. अर्जात ‘ऐनवेळी घेतला’ यावर फार भर नको. मंजूर लेआउटमधली खुली जागा आहे, हा तुमचा भक्कम मुद्दा. नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत काढून जोडा.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. उद्या सकाळीच दोन्ही अर्ज देतो. एक राहिलं: हरकतीवर सगळ्या प्लॉटधारकांच्या सह्या घ्याव्यात, की प्रत्येकाने वेगळा अर्ज द्यावा?

प्रतिसाद

दोन्ही करा. सह्यांचा एक अर्ज, आणि जागेला लागून ज्यांची घरं आहेत त्यांचे स्वतंत्र अर्ज. झाडांचे आजचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.