आजीचं आंग (शौचाच्या जागेतून आतडं) बाहेर आलंय, आत जात नाहीये. लगेच ऑपरेशन करावंच लागतं का?

आजी ८१ ची. शौचाला बसली की जागा बाहेर यायची, मग आडवी पडून हाताने आत ढकलायची, लाजेपोटी कोणाला बोलली नाही, मूळव्याध म्हणून मलम लावत बसली. काल रात्रीपासून जातच नाहीये, सुजून टम्म झालंय आणि एका बाजूला काळपट दिसतंय. सिव्हिलला आणलंय. सर्जन म्हणतात खालूनच तेवढा भाग कापून जोडू, पोट उघडायचं नाही. मामा म्हणतोय साखर टाकली की आत जातं, यूट्यूबवर बघितलंय त्याने. काय करू?

> मी सर्जन आहे. मामांचं अगदीच खोटं नाही, साखर सूज ओढून घेते आणि नुसती सूज असेल तर आम्हीही वॉर्डात साधी साखर पसरून थोडा वेळ थांबतो, मग हळूच आत ढकलतो. पण काळपट म्हणजे रक्तपुरवठा तुटत चाललाय, तिथे साखरही नाही आणि ढकलणंही नाही, कुजलेलं आतडं पोटात गेलं तर जिवावर बेतेल. सांगताहेत ते अल्टमायर ऑपरेशन, बहुतेकदा कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊनही होतं, या वयाला ते बरं. होकार द्या. आणि चहासुद्धा पाजू नका, उपाशीच ठेवा.

> आमच्या सासूबाईंचं हेच झालेलं. मूळव्याधीचे कोंब वेगळे दिसतात, ह्याच्यावर गोल गोल वळ्या असतात हे आम्हाला सिस्टरने दाखवलं तेव्हा कळलं 😔 पोटावर शौचाची पिशवी लागेल का ते आधीच विचारून घ्या, आम्हाला सही करताना कळलं आणि घरात नुसता गोंधळ.

> > पिशवी दरवेळी नाही लागत. जोड कच्चा वाटला किंवा पेशंटची तब्येत फार खालावलेली असली तर काढतात, बऱ्याचदा तात्पुरती.

धन्यवाद सर. परत बाहेर येईल का? आणि तिला हार्टची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

> येऊ शकतं, पोटातून करतात त्यापेक्षा खालून केलेल्यात शक्यता जास्त. पण आत्ता तो प्रश्न दुय्यम आहे हो. गोळी कुठली ते पाकीट घेऊन आत्ताच भूलतज्ज्ञांना दाखवा, क्लोपिडोग्रेल असेल तर कमरेतलं इंजेक्शन द्यायचं का हे त्यांना ठरवावं लागेल.

पाकीट घरी राहिलंय, भावाला फोटो पाठवायला सांगितलंय. सही करतोय.