पीएम-किसान: आधार-बँक सीडिंग ‘नो’, लँड सीडिंग ‘नो’. आधी कुठे जावे?

वाळपईकर: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू बागायतदाराचे पीएम-किसानचे हप्ते थांबलेत. स्टेटसमध्ये ई-केवायसी ‘येस’, पण आधार-बँक सीडिंग (आधार बँक खात्याशी जोडणे) आणि लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणे) दोन्ही ‘नो’. बँक म्हणते, आधार लिंक आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) अजून मयत वडिलांचेच नाव आहे. सुरुवात कुठून करावी? काजूच्या आधारभूत किमतीचे पैसेही यामुळे अडतील का?

कुळागर_डिचोली: बँकेचे काम सोपे, ते आधी उरका. खात्याला आधार जोडणे वेगळे आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआय या पेमेंट संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीवर, खाते चढणे वेगळे. आधार अनेक खात्यांना जोडता येतो, पण मॅपरवर एकच बँक राहते. मध्येच दुसरीकडे खाते उघडताना डीबीटीच्या संमतीवर सही झाली असेल तर मॅपर तिकडे वळतो, आणि पैसे तिथे पडून असतात. युआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) साईटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा, बँकेचे नाव दिसेल. काहीच दिसत नसेल तर शाखेत नुसते ‘आधार लिंक करा’ म्हणू नका. एनपीसीआय सीडिंगचा संमती फॉर्म भरून द्या आणि पोच घ्या. शाखा दाद देत नसेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेत डीबीटीसाठी खाते उघडा.

खाजन_शेती: खरी अडचण उताऱ्याची आहे. बँक दुरुस्त झाली तरी लँड सीडिंग ‘नो’ असेपर्यंत २,००० चा हप्ता सुटणार नाही. योजनेत जमीनधारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ आहे. त्यानंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही, पण मालकाच्या मृत्यूने वारसाकडे आलेली चालते. म्हणून वारसा कागदावर आणा. वारसांत वाद नसेल तर विशेष नोटरीपुढे (गोव्यात असे दस्त करणारा सरकारी अधिकारी) वारसा दस्त. वाटपावरून तंटा असेल तर इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटपाची कारवाई). दस्त झाल्यावर मामलेदाराकडे म्युटेशन (उताऱ्यावरचे नाव बदलणे). गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, त्यामुळे वारसांच्या जोडीदारांची नावे सुटली की अर्ज तिथेच अडकतो. लोक हे नेहमी विसरतात! नवा उतारा, आधार आणि नोंदणी क्रमांक घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जा, लँड सीडिंग तिथूनच होते. कब्जेदाराच्या रकान्यात सरकारचे नाव असेल (सत्तरीत अशा जमिनी बऱ्याच आहेत) तर जमिनीचा प्रश्न सुटेपर्यंत पीएम-किसानची आशा धरू नका.

वाळपईकर: आणि पूर्वी वडिलांच्याच नावावर नोंदणी असेल तर?

खाजन_शेती: ती बंद करून वारसाने नवी नोंदणी करायची. मृत्यूनंतर खात्यात पडलेले हप्ते परत करावे लागतात, ते काढून खर्च करू नका.

काजू_बोंडू: आधारभूत किंमत राज्याची योजना आहे, तिचा पाया कृषी कार्ड (कृषी खात्याचे शेतकऱ्याचे कार्ड). कार्डावरचे क्षेत्र आणि पीक तपासा: कार्डावर नारळ आणि विक्री काजूची, असे झाले की दावा अडकतो. माल मान्यताप्राप्त संस्थेतच घाला आणि पावती कार्डधारकाच्याच नावाने घ्या. भावाच्या नावाची पावती फुकट जाते. बाजारभाव आणि सरकारने ठरवलेला भाव यांतला फरकच खात्यात येतो, पूर्ण किंमत नव्हे. कुळांनीही कृषी कार्डासाठी जरूर विचारावे. पीएम-किसान मात्र जमीन नावावर असलेल्यांनाच मिळते.