वडिलांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे, रात्री दारं धरायला (उसाला पाणी द्यायला) जातात. काय बदलता येईल?

नमस्कार मंडळी,

वडील ७१ वर्षांचे, बार्शी तालुक्यात शेती करतात. बऱ्याच दिवसांपासून रात्री चार-पाचदा लघवीला उठतात, धार बारीक, जाऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटतं. ‘वयानं व्हायचंच’ म्हणून गप्प. आईनेच फोनवर सांगितलं, तेही आडून आडून.

गेल्या महिन्यात सर्दीसाठी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि त्याच रात्री लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट टम्म, अंगाला दरदरून घाम. पहाटे जीप करून नेलं, नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं नाहीतर त्याचा जोर कमी होतो, विचारल्याशिवाय घेऊच नका. (गावात हे कुणाला ठाऊक असतं?) सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ सीसी. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) थोडं थांबून करायचंय, तुंबल्यावर आकडा वाढून येतो म्हणे. नळी निघाली, लघवी मोकळी व्हायला टॅमसुलोसिन ०.४ ची गोळी रात्री जेवणानंतर चालू आहे.

खरी अडचण पुढेच. डॉक्टरांनी सांगितलं: पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर कमी, चहा कमी, पोट साफ हवं, लघवी अडवून धरायची नाही. आमचं सगळं उलटं! रात्रीची लाईट असली की उसाला दारं धरायला जातात, सोबत थर्मासभर चहा. दिवसा मात्र ‘प्यायलं की जावं लागतं’ म्हणून पाण्याला शिवत नाहीत. मग संडासला कडक, लघवी पिवळीजर्द. एसटीने कुठे जायचं तर सकाळपासून घोटभरही नाही. त्यात या गोळीने उठताना गरगरतं, आणि अंधारात बांधावरून चालायचं. मला तुंबण्यापेक्षा याचीच धास्ती जास्त आहे.

ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी सांगा:

रात्रपाळीच्या आठवड्यात गोळीची वेळ बदलून घेतली का कुणी? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अनुभव हवाय.

शेजारच्यांनी गोखरूचा काढा सुरू करून दिलाय. गोळीबरोबर चालतो का? बंद कर म्हटलं की माझ्यावरच चिडतात.

पुढेमागे दुर्बिणीचं ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले योजनेत बसतं का, आणि सोलापुरात सरकारीत करून घेतलंय का कुणी?

आणि चहा कसा सोडवला? आमच्याकडे दूध बंद करून पाहिलं, तर कोरा पितात.