सल्ला हवा: करी रोडच्या मालवणी खानावळीसाठी कमी पैशांत सोशल मीडिया कसं वापरावं?

सोलकढी:
नमस्कार मंडळी. करी रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर, लालबागच्या बाजूला आमची मालवणी खानावळ आहे. सात टेबलं, २६ माणसं बसतात. स्वयंपाक सासूबाईंचा, गल्ल्यावर नवरा, आणि नोकरी सांभाळून मोबाइलवरचं सगळं माझ्याकडे. दुपारी बरी गर्दी असते, रात्री मात्र निम्मी टेबलं रिकामी.

दिवाळीनंतर एका फूड इन्फ्लुएन्सरला १२,००० रुपये आणि चौघांचं जेवण दिलं. रील दीड लाख लोकांनी पाहिलं. खाली कमेंट काय, तर "नागपूरला शाखा काढा", "पुण्यात कुठे मिळेल?" रील बघून आलो असं सांगणारी आठवड्यात दोनच टेबलं झाली. शूटिंगच्या दिवशी सासूबाई पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन स्वतः सरंगा निवडून घेऊन आल्या होत्या. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

आता महिन्याला फार तर ४,००० काढू शकतो. कुठे घालावेत?

गिरगावकरीण:
ताई, पहिला महिना एक रुपयाही घालू नका. आधी अनोळखी माणसाच्या फोनवरून गूगल मॅपवर स्वतःची खानावळ शोधा आणि तो रस्ता दाखवेल तसं चालत या. माझं पोळीभाजी केंद्र आहे. आमची पिन दोन वर्षं शेजारच्या गल्लीत होती. लोक तिथे उभं राहून फोन करायचे. जे फोन न करता परत गेले, त्यांची गणतीच नाही.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. त्यात पिन, वेळ, सुट्टीचा वार आणि दर वाचता येतील असा मेन्यूचा फोटो, एवढं नीट करा. रिव्ह्यूची लिंक तिथेच मिळते, तिचा क्यूआर कोड छापून गल्ल्यावर लावा. पण "रिव्ह्यू द्या, सोलकढी फुकट" असं करू नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. जेवून तृप्त झालेल्या माणसाला हात धुताना तोंडी सांगितलं तरी तो लिहितो.

चाळकरी:
मी लालबागमध्येच राहतो, गिऱ्हाईक म्हणून सांगतो. रात्री कुठे जेवायचं हे माझं सात-साडेसातला लोकलमध्ये ठरतं. तेव्हा मला झगमगीत व्हिडिओ नको असतो. आज मासा कुठला आलाय आणि थाळी कितीला, एवढंच हवं असतं. आमच्याकडचा एक खानावळवाला व्हॉट्सअॅप स्टेटसला फळ्याचा फोटो टाकतो: "बांगडा आहे, तिसऱ्या आहेत, सुरमई संपली." सुरमई संपली हे वाचूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

डिजिटल_दादरकर:
हेच काम करतो म्हणून सविस्तर लिहितो. चाळकरी म्हणतायत तो फळा हाच तुमचा मुख्य मजकूर. दिवसातून दोनदा टाका, सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेसहाला. व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे. ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज अनेकांना पाठवायच्या) एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. स्टेटसही त्यांनाच दिसतं. म्हणून बिल देताना विचारा, "आजचा मासा रोज कळवू का?" हो म्हणाले तर तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला सांगा. न विचारता कुणालाही यादीत घालू नका.

रील स्वतः करा. महागडा फोन लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड तव्यावर बाजूने येईल असे उभे राहा. लेन्स दर वेळी पुसा, वाफेने आणि तेलाने ती धुरकट होते. रव्यात घोळलेला बोंबील तव्यात सोडतानाचा आवाज तसाच ठेवा, वर गाणं लावू नका. नाहीतरी इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटवर बरीचशी गाणी वापरता येत नाहीत. १५ सेकंद पुरे. सासूबाईंचे हात दिसू द्यात. पहिल्या ओळीत "करी रोड, लालबाग" लिहा.

जाहिरात दुसऱ्या महिन्यात. १८ टक्के जीएसटी धरला तर ४,००० मधले साधारण ३,३९० प्रत्यक्ष जाहिरातीला उरतात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अॅड्स मॅनेजरमध्ये पिन टाकून दोन किलोमीटरचं वर्तुळ घ्या. लाइफटाइम बजेट (जाहिरातीच्या पूर्ण मुदतीचं एकच बजेट) निवडलं की वेळ ठरवता येते. तुमची रात्र रिकामी आहे, तर फक्त पाच ते नऊ चालवा. बटण "व्हॉट्सअॅपवर मेसेज करा" हेच ठेवा, म्हणजे किती जणांनी विचारलं आणि किती आले हे वहीत लिहिता येईल. नुसते लाइक मोजू नका.

सोलकढी:
मनापासून आभार सगळ्यांचे. एक शंका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, मग श्रावण, मग गणपती. तेव्हा फळ्यावर लिहायचं काय?

गिरगावकरीण:
उलट तेव्हाच लिहायला जास्त असतं हो! बंदीत सुका जवळा, सुक्या बोंबलाचं कालवण आणि खाडीची मासळी. आणि ताजा समुद्री मासा का नाही ते सरळ सांगा, लोकांना पटतं. गटारीच्या आधी आठवडाभर ऑर्डर घ्या. श्रावणात काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी. गणपतीत तर अख्खी मुंबई तुमच्या दारावरून लालबागच्या राजाला जाते. रांगेतून दमून आलेल्या माणसाला गरम शाकाहारी ताट हवं असतं. त्या दहा दिवसांच्या वेळा गूगलवर वेगळ्या टाका.

सोलकढी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. आमची पिन पुलापलीकडे, लोअर परळच्या बाजूला निघाली! ती दुरुस्त केली. यादीत ६१ नंबर झालेत, सगळे विचारून घेतलेले. जाहिरात अजून सुरू केलेली नाही.

परवा साडेसहाला फळा टाकला, त्यात तिसऱ्या होत्या. साडेआठला डॉकयार्डहून एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि बसायच्या आधीच विचारलं, "तिसऱ्या उरल्यात ना?" दोनच वाट्या उरल्या होत्या. सासूबाई स्वतः बाहेर येऊन वाढून गेल्या. आता फळा त्याच लिहितात, मी फक्त फोटो काढते.