मदत हवी आहे: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा धरणारा यांत्रिक हात कुणी वापरतं का?

नमस्कार. तालुक्याच्या गावी सर्जन आहे. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया ही कामं आम्ही दुर्बिणीने करतो. कॅमेरा धरायला शिकवलेली मुलं थोड्याच काळात पुण्या-मुंबईला जातात. त्यांनी जावंच, पण मग नव्या हाताला ३० अंशाची (टोकाशी तिरकं बघणारी) दुर्बीण पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. लाइट केबल फिरवायची आणि कॅमेरा स्थिर ठेवायचा, हे लवकर अंगवळणी पडत नाही. नवखा माणूस कॅमेराच फिरवतो नि पडद्यावर यकृत आडवंतिडवं दिसतं. कॅलोटच्या त्रिकोणात (यकृताखालच्या नाजूक जागेत) पित्ताशयाची नळी आणि धमनी सुटी करताना असं झालं, की मला हात थांबवावाच लागतो.

म्हणून रोबोटिक कॅमेरा होल्डरबद्दल वाचतोय. अमेरिकेतल्या 'एसॉप'ला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. पुढे तो सर्जनच्या आवाजावर चालू लागला. ब्रिटनचा 'एंडोअसिस्ट' डोक्याच्या हालचालीवर चालायचा, पण सोबत पायाने पेडल दाबावं लागे. जर्मनीचा 'सोलोअसिस्ट' जॉयस्टिकवर चालतो. दा विंची (सगळी हत्यारं चालवणारा महागडा रोबोट) कृपया सुचवू नका, तो खर्च इथल्या रुग्णांवर टाकायचा नाहीये.

मला अडलंय ते असं. पित्ताशयाला आपण टेबल डोक्याकडून उचलतो आणि डावीकडे कलवतो. जमिनीवर उभा असलेला हात अशा वेळी पोर्टवर (दुर्बीण आत घालायच्या पोटावरच्या नळीवर) ओढ देणार नाही का? डायथर्मीची (विजेने कापायच्या आणि रक्त थांबवायच्या यंत्राची) दोन पेडलं आधीच पायाखाली असतात, त्यात तिसरं कसं सांभाळता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अचानक रक्तस्राव होऊन लेन्स माखली तर दुर्बीण काढून, पुसून परत जागेवर यायला किती वेळ जातो? प्रत्यक्ष वापरलेल्यांनीच सांगा, कंपनीचे व्हिडिओ पाहून झालेत.

प्रतिसाद: टेबलाच्या रेलिंगलाच बसणारा घ्या, तो टेबलाबरोबर कलतो. तरी कलवण्याआधी दुर्बीण बाहेर काढाच. पेडल नको असेल तर जॉयस्टिक हत्याराच्या मुठीला लावता येते का, ते विचारा. लेन्स पुसायला गरम सलाईन हाताशी ठेवा. आणि माणूस पूर्ण कमी करू नका. स्क्रब सिस्टरला (हत्यारं हातात देणाऱ्या नर्सला) दुर्बीण हाताने धरता आलीच पाहिजे.

धागाकर्ता: आभारी आहे, सर. ३० अंशाची दुर्बीण स्वतःभोवती फिरवायची असेल तर तो हात ते करतो, की तेवढ्यापुरतं सिस्टरनेच फिरवायचं?